नात्याचा रकाना

तहानेने जीव कासावीस झाला असला, तरी भिकूमामा तुम्हाला सोडा लगेच देत नसे. बाटली हातात घ्यायचा, तिच्या तोंडातल्या गोटीवर अंगठा ठेवायचा आणि तसाच थांबायचा.

"खंयचो तू?"

गिऱ्हाईक गाव सांगायचं.

"आवशीचा कुळार खंय?"

कुळार म्हणजे माहेर. आईचं माहेर कळलं की मामा डोळे मिटून मनातल्या मनात गावोगाव फिरून यायचा. कोणाची चुलती, तिची नणंद, नणंदेचा दीर. मग एकदम चेहरा उजळायचा. "म्हणजे तू आपलोच रे!" तेव्हा कुठे अंगठा दाबला जायचा. तोवर कंडक्टरने घंटी मारलेली असायची आणि गिऱ्हाईक अर्धा सोडा अंगावर सांडत गाडीमागे धावत असायचं.

कट्टा गावच्या एस.टी. थांब्यावर मामाचं हे दुकान होतं. दुकान कसलं, चार फळ्या आणि वर माडाची झापं. एकदा मागच्या माडावर नारळ चोरायला चढलेला माणूस त्याने पकडला. खाली उभा राहून मामाने त्याला तो वर असतानाच दोन्ही प्रश्न विचारले. चोराची आई मामाच्या काकीच्या भावजयीची चुलतबहीण निघाली. चोर खाली उतरला तेव्हा मामाने त्याला आणखी दोन नारळ दिले आणि पुढच्या दाराने का आला नाहीस म्हणून फैलावर घेतलं.

फक्त आमचंच घर त्याला दाद देत नव्हतं. आम्ही त्याच्या शेजारचे. वडील मी लहान असतानाच गेले, आईला भाऊ नाही. आई शिरोड्याची, सखारामाची नात. तिची एक आत्या फार वर्षांपूर्वी घाटावर दिली होती. तिकडे साथ आली, पत्रं थांबली, माणसं तुटली ती तुटलीच. मामा दर दिवाळीला त्या आत्याची चौकशी करायचा. "तो एक धागो गावलो मां, तर तुमीय आपलीच," म्हणायचा. तोवर मी सोडा प्यायचा तो पाहुणी म्हणून.

सगळं जग त्याला मामा म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. पण त्याच्या लेखी हाक वेगळी आणि नातं वेगळं.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मॅट्रिक झाले आणि घाटावरच्या एका कॉलेजात गेले. कोणतं ते सांगत नाही, उगाच कोणाच्या पेन्शनीला दृष्ट नको. फी भरण्याची ऐपत नव्हती, म्हणून नादारीचा अर्ज केला. नादारी म्हणजे फीमाफी. प्राचार्यांनी अर्ज मंजूर होईपर्यंत वर्गात बसू दिलं, पण महिनाअखेरपर्यंत कागद पुरे झाले नाहीत तर हजेरीपटावरून नाव कमी. नाव कमी झालं की मी कट्ट्याला परत, आणि परत आलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते त्या काळी कोणाला विचारावं लागत नसे.

अर्ज पहिल्यांदा परत आला, तिकीट लावलं नव्हतं म्हणून. दुसऱ्यांदा आला, पालक म्हणून आईचा अंगठा चालत नाही, लिहिता येणारा पुरुष पालक हवा म्हणून. आईने भिकूमामाला गाठलं. मामाने जीभ चावत झोकदार सही केली. अर्ज तिसऱ्यांदा परत आला. पालकाचे अर्जदाराशी नाते, हा रकाना कोरा होता.

चार दिवस उरले होते. मी कागद घेऊन स्वतःच घरी आले.

"मामा, 'मामा' असा लिवा नि सोडवा आमका," आई म्हणाली.

"खोटा मी लिवचंय नाय."

"सगळो कट्टो तुमका मामा म्हणता!"

"म्हणूंदेत. नाता सोधूचा आसता, बनवूचा नसता."

आई रडली. मी तर त्याला मनातल्या मनात बाटल्यांसकट खाडीत बुडवला. माझं अख्खं शिक्षण अडलंय आणि हा सोडेवाला सत्यवादी हरिश्चंद्र झालाय! सकाळी बघते तर दुकानाच्या फळ्या लावलेल्या आणि स्वारी धुतलेला सदरा घालून थांब्यावर उभी. दुकान बंद ठेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"चल गो चेडवा. तो अर्ज परत धाडणारो कोण खंयचो, ता बघया." चेडू म्हणजे मुलगी.

तळेऱ्याला गाडी थांबली तेवढ्यात ड्रायव्हर आपलोच निघाला. घाट चढेपर्यंत अर्धी गाडी आपली झाली होती. कॉलेजातला हेडक्लार्क मात्र कोणाचाच नव्हता.

"नाते लिहा. त्याशिवाय अर्ज घेता येणार नाही," तो मान वर न करता म्हणाला.

"साहेब, आपण मूळचे कुठले?" मामाने कचेरीतली मराठी काढली.

"त्याचा इथे काय संबंध?"

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. मी घड्याळाकडे बघत होते आणि मामा क्लार्ककडे. दुपारी क्लार्कने डबा उघडला. मामाचं नाक हललं. तो उठला आणि सरळ टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"साहेब, बांगड्याच्या आमटीत तिरफळं!"

"मग?"

"घाटावर कोण तिरफळं घालतं?"

क्लार्क पहिल्यांदाच जरासा हसला. "आईची पद्धत. अजून तीच करते."

मामाची कचेरीतली मराठी कुठच्या कुठे गेली. "आवशीचा कुळार खंय?"

"शिरोडं. पण तिकडचं आता कोणी—"

"तिच्या बापाशीचा नाव?"

"सखाराम."

मामाने माझ्या दंडाला धरून मला टेबलापुढे ओढलं. "सखाराम म्हणजे हिच्या आवशीचो आजो! तुमची आवस ही हिच्या आवशीची आते. साहेब, तुमी ह्या चेडवाचे मामा!"

सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. क्लार्कच्या हातातला घास हातातच राहिला. ते म्हणाले, "आई दर सणाला रडते हो. माहेरचं कोणी उरलं नाही म्हणते."

"मगे आता करा सही," मामा म्हणाला. "पालक तुमी. नाते, मामा."

आणि तिसऱ्यांदा अर्ज परत धाडणाऱ्या त्या माणसाने माझा पालक म्हणून स्वतः सही केली. नियमाप्रमाणे आधीच्या सहीवर पट्टी धरून रेघ मारली. नादारी मिळाली. मी जिंकले होते. आईच्या आत्याने संध्याकाळी आम्हाला तीच आमटी वाढली आणि माझ्या चेहऱ्यावरून कितीदा हात फिरवला, ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिकूमामाला स्टँडवर सोडायला गेले. तो भेटेल त्याला आमची हकिगत सांगत होता. मला मात्र ती रेघ मारलेली सही दिसत होती. त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"मामा, तुमच्या आवशीचा कुळार खंय?"

"ठावक नाय, गो. माका जल्म देवन ती गेली. बापूस बोटीर गेलो, तो परत येवक नाय. काकीन वाढवल्यान, पण तिका म्हायत नाय." मग धोतराचा सोगा नीट करत म्हणाला, "म्हणान सगळ्यांका इचारतंय. कोणतरी म्हणात, आमच्या गावचा एक चेडू कट्ट्याक दिल्ला, म्हणान."

आणि ह्याला मी खाडीत बुडवत होते!

नादारीचा अर्ज दर वर्षी नवा करावा लागे. पुढच्या सुट्टीत मी तो भरून दुकानावर नेला. मामाने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. पालक, भिकूमामाचं नाव. नाते, मामा.

"ह्या खोटा आसा गो."

"नाता सोधूचा आसता, तुमीच म्हटलास. मी वर्सभर सोधलंय. गावला."

त्याने कागद फळीवर सपाट केला. मग जीभ चावत सही केली.

अर्ज पहिल्या फटक्यात मंजूर झाला. हेडक्लार्कमामांनी नात्याच्या रकान्यापुढे लाल शाईने 'बरोबर' असं लिहिलं होतं. ते सांगायला दिवाळीत मी थांब्यावर उतरले, तर दुकानापुढे ही गर्दी. मामाने मला बघितलं, बाटली उचलली आणि गोटीवर अंगठा ठेवला.

"आमी कदीपासून उभे आसव! ही कोण मधीच?" एक परका माणूस म्हणाला.

"माझी भाची," मामा म्हणाला, आणि काही न विचारता त्याने गोटी दाबली.