कुडाआडची शिकवणी

शिकवायचंच म्हटलं तर मी दगडालाही पाढे शिकवीन! पोशेऱ्याच्या शाळेत मी पोरांना बाराखडी शिकवली, आणि पुढे त्या पोरांच्या पोरांनाही. तेव्हा आमच्या वेणूला नुसतं सैल पडून राहायला शिकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. वेणू माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. जव्हारच्या दवाखान्यात सुखरूप सुटली, मुलगा झाला, एसटीने घरी आली. पण बाळ अंगावर प्यायला लागलं की तिच्या पोटात अशी कळ उठायची की डोळ्यांत पाणी यायचं. झोपेचं तर नावच नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी निघताना सांगितलं होतं, कळ आली की अंग आखडू नकोस, सावकाश लांब श्वास घे, एकेक अवयव आवळून सैल सोड. वेणू ते विसरली. मी नाही विसरलो! मास्तर कधी विसरतो का?

अडचण एकच. बारशापर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या हिचा कायदा. मग एका दुपारी मी ओटीवरच्या माझ्या अंथरुणावर बसलो आणि कुडाच्या भिंतीला तोंड लावलं. आत वेणू होती, शेगडीवर अळिवाची खीर ढवळणारी तिची आई होती, आणि वेणूच्या कंबरेला तेल चोळणारी पुतळी. पुतळी माझी जुनी विद्यार्थिनी. आता एकट्या पोराला उभं केलं की ते लाजतं, सगळ्या वर्गाबरोबर धीट होतं. म्हणून मी तिघींनाही फर्मावलं, सगळ्यांनी करायचं!

“डोळे मिटा.”

“डोला मिटला, गुरुजी,” पुतळीने आतून सांगितलं.

“आता दोन्ही मुठी आवळा. अजून घट्ट.”

वेणूने अशी किंकाळी फोडली की अंगणातल्या कोंबड्या छपरावर गेल्या! मी गोंधळलो. नर्सबाई किंकाळीबद्दल काही बोलल्या नव्हत्या. मग वाटलं, दुखणं बाहेर पडत असेल. काटा निघतानाही ठणकतोच की.

वेणू पुरे म्हणाली. पण बाराच्या पाढ्याला पोरंही पुरे म्हणतात. ऐकायचं नसतं.

पाय सैल, मान सैल, जबडा सैल. आत धप्पकन काहीतरी पडलं. मग करपल्याचा वास आला. बाळंतिणीला धुरी देतात खरी, पण धुरीला गुळाचा वास? असेल बुवा! बायकांच्या खोलीतलं मला काय कळतंय? मग घोरणं ऐकू आलं, तेही दोन सुरांत, एक जाड, एक बारीक. माझा ऊर भरून आला. माय-लेकरू एका तालात झोपलं!

तेवढ्यात दार उघडलं. दारात वेणू! डोळे तारवटलेले, छातीशी टक्क जागं बाळ.

“अगं, तू झोपलीस ना?”

“पुतळी झोपलीय, चटईवर. आई झोपलीय, माझ्या खाटेवर. करपलेली खीर मी उतरवली. आणि पुतळीनं मूठ आवळली ना बाबा, तेव्हा त्या मुठीत माझी कंबर होती.”

कळ गेली का, असं मी हळूच विचारलं. ती तिथंच आहे म्हणाली. मग मी म्हटलं, बाळंतिणीने ओटीवर यायचं नसतं.

“तुम्ही आत यायचं नाही, असं आईनं सांगितलंय. मी बाहेर यायचं नाही, असं कुणी सांगितलेलं नाही. धरा याला.”

बाळ माझ्या हातात देऊन तिने माझी उशी ओढली, पोटाशी दाबून धरली आणि माझ्या अंथरुणावर कुशीला वळली. आता पाय सैल सोड, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर ही झोपलेली!

बाळ माझ्याकडे बघत होतं. हनुवटी थरथरत होती. कोरी पाटी! मी त्याच्या कानाशी म्हटलं, “लांब श्वास घे, राजा.”

त्याने घेतला. पहिल्याच खेपेला, न चुकता, चांगला पोटापासून! मग तो सोडला, आणि आतल्या दोघीच काय, अख्खी आळी जागी झाली.

वेणू तेवढी गाढ झोपून राहिली. ते माझ्या शिकवणीमुळे, असं मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही.