फुटणारी न फुटणारी काच

“नको म्हणजे नको,” चहाचा कप खाली ठेवत बाबा म्हणाले. धाकटीला दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

“दादा गेला तेव्हा चाललं, मी गेले की नको? बाबा, हे कन्सिस्टंट नाही.”

“म्हणजे काय?”

धाकटी विज्ञानाची पदवीधर. शब्द सोडला की तो समजावल्याशिवाय तिला राहवत नसे. “कन्सिस्टंट म्हणजे आपली दोन म्हणणी एकमेकांना खोडत नाहीत, दोन्ही एकदम खरी राहू शकतात. ‘मुलांनी बाहेर पडावं’ आणि ‘तू पडू नकोस’ ही दोन एका घरात नांदत नाहीत.”

बाबांना तो शब्द भलताच आवडला. त्यांनी तो लगेच आईवर चालवला. “काल भाजी अळणी, आज खारट. तू कन्सिस्टंट नाहीस.”

“आहे की!” आई म्हणाली. “काल तुम्हीच म्हणालात, मीठ वाढव. वाढवलं.”

“आई बरोबर आहे,” धाकटी म्हणाली. “रोज एकसारखं असायलाच हवं असं नाही, बाबा. कारणाशी जुळलं की झालं.”

घरी डाळ शिजेना म्हटल्यावर बाबांनी तो शब्द दुकानात नेला. दुकान चष्म्यांचं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त मास्तर.

“मला सगळं लख्ख दिसतं,” मास्तर म्हणाले, “फक्त अक्षरं तेवढी दिसत नाहीत.”

“मास्तर, तुमचं बोलणं कन्सिस्टंट नाही.”

वर्गात आयुष्यभर इतरांच्या चुका काढलेल्या माणसाला हे झोंबलं. मास्तर तडक उठले, दाराऐवजी आरशाकडे गेले आणि समोरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, “जरा सरका हो!” म्हातारा सरकेना. बाबांना हसू आवरेना. मास्तरांनी मग चिडून काउंटरवरचा नमुन्याचा चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला आणि बाबांच्या डोक्यावरची पाटी मोठ्याने वाचली.

“‘आमची काच फुटत नाही.’ आणि खाली? ‘फुटल्यास बदलून मिळेल.’ हे कन्सिस्टंट का?”

दारातले दोन पादचारी थांबले. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच आला. “बरोबर बोलतायत मास्तर. फुटतच नाही तर बदलणार काय, कपाळ?”

बाबांचे कान तापले. ते तिथल्या तिथे स्टुलावर चढले आणि पाटी उपटू लागले. पाटीचा खिळा मात्र आपल्या मतावर ठाम होता. बाबांनी जोर लावला, स्टूल हललं, पाटी सुटली आणि थेट शोकेसवर आदळली. ‘आमची काच फुटत नाही’ने शोकेसची काच फोडली.

“घ्या,” न्हावी म्हणाला, “आता पाटीची खालची ओळ तरी खरी करा. बदलून घ्या.”

मास्तरांनी मात्र जाताना तोच चष्मा विकत घेतला.

संध्याकाळी बाबा अंगठ्याला पट्टी बांधून घरी आले. धाकटी फोन हातात धरून बसली होती. आज भांडायचं की गप्प बसायचं, हे तिचं ठरत नव्हतं.

“दिवसभर विचार केला,” बाबा म्हणाले. “थोरल्याला मी हो कधी म्हटलं होतं?”

“छे,” आई आतून म्हणाली. “निघेपर्यंत नकोच चाललं होतं तुमचं. त्यानेच ऐकलं नाही.”

“मग? त्यालाही नको, हिलाही नको. मी कन्सिस्टंट आहे.”

धाकटीचा चेहरा पडला. तिने मनात दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहिली. एकमेकांना कुठेच खोडत नव्हती.

तेवढ्यात माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. आईने थोरल्याची जुनी बॅग खाली आणली. तिचं एक चाक लटपटत होतं. बाबांनी बॅग उताणी केली, खिशातून चष्म्याचा बारीक पेचकस काढला आणि जमिनीवर मांडी घातली.

“नको म्हणजे नकोच हं,” चाकाचा स्क्रू पिळत ते म्हणाले. “मोठ्या भावाने नाही ऐकलं. आता धाकटीने काय करावं, ते तिचं तिने बघावं.”

“बाबा,” धाकटी हळूच म्हणाली, “हे मात्र कन्सिस्टंट नाही.”

“कळतं मला. फोन कर आधी. आणि मग इथे टॉर्च धर, दिसत नाहीये नीट.”