शेक म्हणायचं नाही

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे बिराजदार सर मँगो शेक पितात, पण त्या नावानं मागत नाहीत. एकदा पेपर तपासून झाल्यावर आम्ही सगळे शिक्षक नांदेडच्या स्टेशनजवळच्या ज्यूसच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "मँगो शेक का?"

"आंब्याचं दूध द्या," सर म्हणाले.

"म्हणजे मँगो शेकच की."

"आंबा घाला, दूध घाला, फिरवा आन् द्या. नाव कशाला पाहिजे?"

शेक हे क्रियापद सरांनी फक्त जमिनीसाठी राखून ठेवलं होतं. बाकी जगात जे जे हलतं, त्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता. शिपाई रामभाऊंच्या हातातला चहाचा ट्रे हलला की ते ट्रेंबल. हिवाळ्यात पोरं काकडत शाळेत आली की शिव्हर. मुख्याध्यापक रागावले की त्यांचा खालचा ओठ हलतो, ते क्विव्हर. स्टाफरूमचा पंखा वॉबल करायचा, आणि रस्त्यानं उसाची ट्रॉली गेल्यावर खिडकीच्या काचा वाजायच्या, ते व्हायब्रेट. सर कान देऊन ऐकायचे आणि सगळ्यांना सांगायचे, "व्हायब्रेट हाय. बसा." आम्ही बसलेलेच असायचो.

नववीतल्या एका मुलानं ‘माय हँड्स शेक’ असं वाक्य केलं. व्याकरणात काही चूक नव्हती. सर त्याला म्हणाले, "बाळा, हात असतील तर ट्रेंबल म्हण. शेक म्हणलास की मला पळावं लागतंय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

मी मराठी शिकवते. मी एकदा म्हटलं, "सर, आमचं एक ‘हलणं’ सगळीकडं चालतं." त्यावर ते खरंच दुखावले. "असं कसं म्हणायलाव मॅडम? थरथरणं, हादरणं, डुलणं, डगमगणं, लटपटणं. तुमच्याकडं तर लई हायेत. तुम्ही वापरत न्हाईत."

त्यांच्या टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला एक काचेचा ग्लास असायचा. तो प्यायचा नसतो हे नवीन आलेल्या विज्ञानाच्या मॅडमना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो पिऊन टाकला, तेव्हा सर रिकाम्या ग्लासाकडे बघत म्हणाले, "आता मला कसं कळंल?" बिचाऱ्या मॅडम पुढे आठवडाभर घरून बाटली आणत होत्या.

वरच्या मजल्यावरचा तास ते घेत नसत. मुख्याध्यापकांनी दरवर्षी वेळापत्रकात घालून पाहिलं, शेवटी नाद सोडला. राहायचे आमच्याच गल्लीत, एकटे, तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. झोपायचे मात्र अंगणात. थंडीत कानटोपी, पावसात वर ताडपत्री. लातूरकडचे, औशाच्या पलीकडच्या गावचे, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्या भागात त्यांच्या लहानपणी काय झालं, तेही माहीत होतं. त्यामुळे कुणी पुढे विचारत नसे.

भीती अशी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे येते. सरांमुळे मलाही खोड लागली. ओट्यावर पातेलं वाजलं की माझा हात थांबायचा. अलीकडे आमच्या भागात अधूनमधून जमीन गुरगुरतेच. पेपरात चार ओळी येतात, लोक चहा पितात, विसरतात. मी विसरेनाशी झाले होते.

परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची शाळा होती. मी वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते. आधी आवाज आला, खाली कुणीतरी जड कपाट ओढत नेतंय असा. मग फळ्यावरची अक्षरं डोळ्यांसमोर सरकली. बाकं वाजायला लागली. पोरं किंचाळली आणि दाराकडे धावली. मला सगळं कळत होतं, पण पाय उचलेनात. खडू हातात धरून मी तशीच उभी.

दारात बिराजदार सर आले. त्यांचा वर्ग खाली मैदानात जाऊन बसलाही होता, आणि ते जिना चढून वर आले होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"हललं," ते म्हणाले. "मॅडम, चला. दप्तरं राहू द्या. ढकलाढकली न्हाई. एकामागं एक."

त्यांच्या आवाजानं माझे पाय सुटले. पोरं उतरू लागली. शेवटच्या बाकाखाली मुक्ता नावाची मुलगी बाकाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी ओढलं तर तिनं आणखी घट्ट धरलं. सर फरशीवर, तिच्याशेजारी, मांडी घालून बसले. छताखाली. मला ते बघवेना.

"मुक्ता, मलाबी लई भ्या वाटायलंय," ते म्हणाले. "तू माझा हात धर, म्हंजे मला उतरता येईल."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग बाक सोडलं आणि त्यांचा हात धरला. जिन्याच्या मधोमध असताना दुसरा, बारीकसा धक्का बसला. सर जागच्या जागी थिजले, डोळे मिटून. तेव्हा मुक्तानंच त्यांना ओढलं. "सर, चला की."

कुणाला काही झालं नाही. जिन्याजवळ गिलावा पडला, भिंतीला एक तडा गेला. आईबाप आले, आपापली लेकरं घेऊन गेले. मुक्ताचे वडील भोकरहून यायचे होते, तोवर सर तिच्यासोबत मैदानात उन्हात बसून राहिले. ती गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेले.

"त्या पहाटे आईनं विचारलं होतं," सर मातीकडे बघत म्हणाले. "हलायलंय का वो, म्हणून. बाप म्हणाला, मालमोटार गेली असंल, झोप. मी भाहीर ओट्यावर होतो, मला ऐकू आलं. बाप लई शहाणा माणूस होता, मॅडम. त्याला वाटलं, मालमोटारच हाय."

मी त्यांच्याशेजारी मातीत बसले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आज खोलीवर जाऊ वाटंना. संध्याकाळपस्तोर तुमच्या अंगणात बसलो तर चालंल का?"

घरी आलो. सासूबाईंनी सरांचा चेहरा पाहिला आणि लिंबाखाली बाज टाकून दिली. ताट वाढलं. सर दोन घास खाऊन उठले, बाजेवर बसले, आडवे झाले, परत उठून बसले. असं दोन-तीनदा झालं. सासूबाई हे बघत होत्या. त्या शेंगांचं टोपलं घेऊन बाहेर आल्या आणि बाजेच्या पायथ्याशी बसून शेंगा फोडायला लागल्या.

"झोपा सर," त्या म्हणाल्या. "मी जागी हाय. काय झालं तर उठवते."

"नक्की?"

"हाव. मी कुठं जायले."

सर कुशीवर वळले. थोड्या वेळानं त्यांचं घोरणं सुरू झालं. शेंगा संपल्या तरी सासूबाई उठल्या नाहीत. दिवेलागणीला मी चहा झाला म्हणून हाक मारायला दारात आले, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला हातानंच आत जायला सांगितलं.