अंबादासमामांचा तळहात

अंबादासमामा कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजवर हात ठेवतात, मग माणसांची विचारपूस करतात. तळहात सपाट टेकवायचा, डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची आणि निकाल सांगून टाकायचा. आमच्या हेडसरांच्या केबिनमधल्या कूलरवर त्यांनी असाच हात ठेवला आणि म्हणाले, "डावं बेअरिंग गेलंय. पंधरा दिस काढंल." सोळाव्या दिवशी कूलर बसला. तेव्हापासून हेडसर त्यांच्याशी हात मिळवत नाहीत. लांबूनच नमस्कार करतात.

मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. तीस वर्षं टॉवेलच्या मागांच्या खडखडाटात गेली. त्यात डावा कान पार गेला आणि उजवा त्यांच्या मर्जीनं चालतो. काम सांगितलं तर ऐकू येत नाही, कौतुक केलं तर शेजारच्या खोलीतूनही येतं. "कानाचं काय घिऊन बसलाय सर," ते म्हणतात, "डोळा फशिवतो, कान फशिवतो. हाताला इचारा."

मग कारखान्यात नवे माग आले. काय बिघडलंय ते हे माग स्वतःच पडद्यावर लिहून दाखवतात, त्यामुळे हाताला विचारायची गरज उरली नाही. मालकांनी मामांना टॉवेल-टोपी देऊन निरोप दिला. टॉवेल त्या नव्या मागावरचाच होता. "विणलाय मात्र लई झ्याक," असं मामा अजूनही मोठ्या मनानं सांगतात.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी शाळेला रोबो बनवायचं साहित्य मिळालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मुस्कान, श्रावणी आणि प्रतीक्षा या नववीतल्या तीन मुलींचा संघ केला. स्पर्धेत रोबोनं जमिनीवरच्या काळ्या पट्ट्यावरून जायचं, ठोकळे उचलायचे आणि टोपलीत टाकायचे, तेही अडीच मिनिटांत. मी पुस्तिका वाचून एक रोबो बनवला होता. त्याला दोन हात, सहा दिवे, एक भोंगा आणि 'सुस्वागतम' म्हणायची सोय होती. ठोकळे तो अधूनमधून उचलायचा.

मामा शाळेच्या पाण्याची मोटार बघायला आले होते. आमच्या रोबोची धडधड त्यांना म्हणे गच्चीवर पायाला कळली. ते थेट प्रयोगशाळेत आले.

"हे वरलं काय काम करतंय?" त्यांनी दिव्यांकडे बोट दाखवलं.

"काम नाही. आकर्षक दिसतं."

"मग दाराला तोरण लावा की. ह्या गरिबाच्या डोक्यावर कशाला?"

दुपारपर्यंत मुलींनी माझी सगळी आकर्षकता उतरवून टेबलावर मांडली. खाली उरली चार चाकं, एक हात आणि एक टोपली. मला वाईट वाटलं हे कबूल करतो. त्या भोंग्यावर मी दोन रविवार घालवले होते.

त्या दिवसापासून मामा रोज दुपारी हजर. संध्याकाळी शेवटी तेच निघायचे, म्हणून प्रयोगशाळेची एक किल्ली मी त्यांच्याकडेच दिली होती. रोबो जोरात पळाला पाहिजे असं माझं मत होतं. मामा म्हणायचे, आधी थांबायला शिकवा. "धागा तुटला की जो माग आपसूक थांबतो, तो शाणा. तुटका धागा घिऊन जो पळतो, तो टॉवेल न्हाय, पोतेरं विणतो." मग मुलींनी प्रोग्राम बदलला. पट्टा चुकला की रोबोनं जागच्या जागी थांबायचं, थोडं मागं यायचं आणि पट्टा शोधून मगच पुढं जायचं.

रोबो छान चालायला लागला आणि त्याच आठवड्यात रोज बिघडायलाही लागला. संध्याकाळी ठणठणीत असायचा, सकाळी बघावं तर चाकाचा नट ढिला. दुसऱ्या दिवशी वायरची पिन निसटलेली, तिसऱ्या दिवशी सेन्सर वाकडा. मी रोज मामांना फोन करायचो, मामा सायकल दामटत यायचे. स्वतः मात्र काही करायचे नाहीत. "ठिवा हात. काय सांगतोय त्यो?" असं मुलींना विचारून स्टुलावर बसायचे. तिघीही रोबोवर तळहात टेकवून, डोळे मिटून, माना तिरक्या करून उभ्या. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मला हळूच विचारलं, हा कुठला विधी आहे.

हे काम उंदरांचं आहे, असा निष्कर्ष मी शास्त्रीय पद्धतीनं काढला आणि प्रयोगशाळेत सापळा लावला. त्यात हेडसरांचा अंगठा सापडला. त्यानंतर आठवडाभर ते मलाही लांबूनच नमस्कार करत होते.

स्पर्धा पुण्याला होती. मामांनी रोबो आपल्या निरोपाच्या टॉवेलात गुंडाळून दिला, पण यायला तयार नव्हते. "मी आलो तर पोरी माज्याकडं बगतील. त्येच्याकडं कोण बगनार?"

तिथं एकेक रोबो चकचकीत पेटीतून बाहेर निघत होता. आमचा टॉवेलातून निघाला आणि जागचा हलेना. एसटीनं सगळ्या रस्त्याभर त्याची हाडं खिळखिळी केली होती. आमचा नंबर दोन मिनिटांवर आला होता. मी पुस्तिका शोधायला लागलो. मुस्काननं शांतपणे बटण दाबून तळहात टेकवला, डोळे मिटले.

"मोटर घूमरी, चाक नहीं. मागचं उजवं. नट."

श्रावणीनं पाना दिला, प्रतीक्षानं रोबो उचलून धरला आणि मिनिटाच्या आत चाक फिरायला लागलं. आमच्या आधीचा रोबो पट्टा चुकला आणि ठोकळा घेऊन तसाच परीक्षकांच्या टेबलाखाली गेला. आमचाही चुकला. पण थांबला, मागं आला, पट्टा शोधला आणि उरलेले ठोकळे नेऊन टाकले.

"तुमच्या रोबोत विशेष काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

मुस्कान म्हणाली, "सर, हा रोज बिघडतो."

सगळे हसले. ती हसली नाही. "म्हणून त्याचं कुठं काय दुखतं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे."

सर्वोत्तम रोबोची ढाल सोलापूरला आली.

शाळेत पेढे वाटले. मामांनी ढालीवर हातसुद्धा ठेवला नाही. मला बाजूला घेऊन प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली.

"हे उंदरांचे उपकार," मी म्हणालो.

"उंदीर न्हाय सर. मीच ढिलं करत हुतो, जाताना."

मी थक्क झालो. शिकवायची अशी पद्धत मी कुठल्याच प्रशिक्षणात ऐकली नव्हती, आणि तसं मी त्यांना भरभरून सांगितलं. मामांनी मान हलवली.

"पद्धत कसली वो. त्यो नीट चालला असता, तर दुसऱ्या दिशी मला बोलावलं असतं का कुनी? पोरगं पुण्यात. बायको तंबाखूच्या इड्या वळाया जाती. घरात आवाज करनारं येकच मशीन, फ्रिज. दिसभर त्येच्यावर हात ठिवून बसायचं. आता हितलंबी संपलं की."

तीस वर्षं ज्याला दिवसातून पन्नास हाका यायच्या, तो माणूस एका हाकेसाठी रोज एक नट ढिला करत होता, आणि मी उंदीर पकडत होतो. वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी प्रयोगशाळा उघडली आणि पाना घेऊन रोबोसमोर बसलो. साधा नट, पण दहा मिनिटं लागली. मग मामांना फोन लावला.

"मामा, रोबो चालत नाही."

"हात ठिवून बगितला का?"

"ठेवला. मला काही कळेना."

"आलो. कुनाला हात लावू दिऊ नका."

मामा आले. तळहात टेकवला, डोळे मिटले, मान तिरकी केली. मग नटावरून अंगठा फिरवला आणि एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

"सर, चुकीच्या मापाचा पाना लावलाय. कोपरं झिजवली की नटाची."

मी पाना पाठीमागं सरकवला.

"असू द्या," मामा म्हणाले आणि स्टूल पुढं ओढून बसले. "उद्या जरा अवघड कायतरी ढिलं करा."