शिरस्त्राणातील दिव्याची बखर

श्री. जे दिसते त्यास एक नमन आणि जे दिसत नाही त्यास दोन नमने करोन हकीकत लिहितो. शके एकवीसशे चौदा, नंदननाम संवत्सरे, फाल्गुन मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्य डोंगरी, पाणी थोडे, आणि महाराजांस पुढील काळच्या युद्धांचे चित्रपट पाहण्याची आवड फार. दरबाराची चाल ऐसी की शुक्रवारी कामकाज आटोपून पडदा लावावा, पडद्यावर आणखी पाचशे वर्षांनंतरचे शिपाई परग्रहावर उतरावे, कारकुनाने त्यांची हत्यारे व पोशाख टिपून घ्यावे, आणि शनिवारी सकाळी कारखान्यात तेच घडवावयास घ्यावे. एका चित्रपटात नायक पाठीमागे स्फोट होत असता मान न वळविता संथ चालत येतो, हे पाहोन सरलष्कर हैबतराव यांनी फौजेस तीच कवाईत लाविली, आणि मग एके दिवशी मुदपाकखान्यास आग लागली असता दोनशे शिपाई तिजकडे पाठ करोन डौलाने, सावकाश निघोन गेले, आणि घागरी ओतण्याचे काम आचाऱ्यांवर पडिले. तरी चाल मोडली नाही.

ऐसे चालत असता शेजारच्या राज्याच्या तीस शिपायांनी डोंगरातील पाण्याचा बोगदा बळकाविला आणि आतील चाक फिरवोन पाणी बंद केले. शहरात पाच दिवसांचे पाणी उरले. मग महाराजांनी सुभेदार गोंदजी दरेकर यांस चाळीस माणसे घेवोन बोगद्यात शिरण्याची आज्ञा केली, आणि हैबतरावांनी त्यांजसाठी नव्या चित्रपटातील शिरस्त्राणे सिद्ध करविली. शिरस्त्राण मोठे देखणे, पुढे काच, आणि काचेच्या आत हनुवटीखाली एक दिवा, जेणेकरोन शिपायाचे मुख उजळून दिसावे. कारखान्यात काचा तपासण्याच्या कामावर शलाका बर्वे म्हणोन तेवीस वर्षांची मुलगी होती, पदार्थविज्ञान शिकलेली. तिने एक शिरस्त्राण डोकीस घातले, अंधाऱ्या कोठीत गेली, खांबावर आदळली, आणि कपाळास टेंगूळ घेवोन थेट दरबारात आली आणि बोलिली, "महाराज, हे घालून माणसे पाठवू नयेत. त्यांना काही दिसणार नाही."

हैबतराव हसोन म्हणाले, "मुली, अंधारात दिवा लावल्यावर जास्त दिसतं की कमी?"

"दिवा कुठे आहे त्यावर आहे. संध्याकाळी घरात दिवा लागला की खिडकीच्या काचेत बाहेरचं अंगण दिसतं, की आपलंच तोंड?"

"पण चित्रपटात त्या शिपायांना सगळं दिसतं!"

"त्यांच्याभोवती मांडवभर दिवे लावलेले असतात, सरलष्कर. बोगद्यात ते कोण लावणार? आणि आतला दिवा असतो तो आपल्याला नटाचं तोंड दिसावं म्हणून. त्याला काही दिसावं म्हणून नव्हे."

तेव्हा गोंदजी पुढे जाहले, मुजरा केला आणि म्हणाले, "महाराज, बाईंचं शास्त्र मला कळत न्हाई. पण आमचं तोंड असं उजळलं तर पुढच्याला नेम धराया सोपं, एवढं कळतं. हुकूम असंल तर जातो. फकस्त माझी चाळीस पोरं हायत, ती मोजून परत आणायचीत."

मग महाराजांनी आज्ञा केली की सरलष्करांनी स्वतः परीक्षा द्यावी. भर दुपारी धान्याची कोठी बंद करविली, फटी बुजविल्या, हैबतराव शिरस्त्राण घालोन लाकडी तलवारीनिशी आत गेले, आणि दरबार दाराबाहेर कान देवोन उभा राहिला. क्षणभर शांत, आणि मग आतून गर्जना उठली, "सापडला! मिशा भरघोस, नजर तिखट! थांब, पळतोस कुठं!" आणि मग तीन पोती ढासळल्याचा आवाज जाहला. दार उघडिले तो हैबतराव नाचणीच्या पिठात बसलेले. "शत्रू कोण होता?" ऐसे त्यांणी विचारिले. शलाका अदबीने म्हणाली, "आपणच होतात." महाराज हसता हसता लोडावर कलंडले. हैबतराव कपडे झटकोन उठले आणि म्हणाले, "दिवे काढून टाका. पण गडी रुबाबदार होता, हे लिहून ठेवा."

दुसरे दिवशी गोंदजी बिनदिव्याची शिरस्त्राणे घातलेली चाळीस माणसे घेवोन बोगद्यात शिरले. आत काळोख ऐसा की डोळे उघडे काय आणि मिटले काय, सारखेच. प्रत्येकाने पुढच्याचा कमरपट्टा धरिला आणि एकामागे एक चालिले. वळणापलीकडे पाहतात तो अंधारात तीस उजळ तोंडे लोंबत आहेत! तोच चित्रपट शेजारच्या राज्यातही लागला होता, आणि तेथील कारखानाही टिपण घेणारा होता. एक शिपाई आपल्या काचेत पाहोन भुवया चढवीत होता. गोंदजींचे लोक पुढ्यात जावोन उभे राहिले तरी कोणास मागमूस नाही. मग एकेकाच्या हातातील बंदूक अलगद काढोन घेतली. एकाने विचारिले, "कोण रे? दाजी का?" गोंदजी म्हणाले, "दाजीच. दे इकडं, पुसून ठेवतो." त्याने दिली. येणेप्रमाणे तीसही जण धरिले, कोणास ओरखडा नाही, आणि दिवस मावळण्यापूर्वी शहरात पाणी आले.

पुढे वर्षभराने वामनपंत उपासनी या दिग्दर्शकाने या मोहिमेचा चित्रपट काढिला आणि तो पाहावयास मोहिमेतील सर्व मंडळी बसली. पडद्यावर गोंदजींचे चाळीस वीर बोगद्यात शिरले, आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली दिवा! शलाकेने तत्काळ वही काढिली. "सुभेदारकाका, हे साफ उलटं दाखवलंय. मी उद्याच पत्र लिहिते त्यांना."

गोंदजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. त्या दिवशी आत शिरलो तवा चाळीसातल्या एकाचंबी तोंड मला दिसत नव्हतं. मागच्यानं पट्टा ओढला की समजायचं, हाय अजून. आज बघतोय, आत जाताना कशी दिसत हुती ती."

शलाकेने वही मिटली.

तात्पर्य, चाळीस गेले ते चाळीस आले, आणि महाराजांनी ठराव केला की युद्धात दिवा बाहेर असावा आणि चित्रपटात आत असावा. शुक्रवारची चाल अद्यापि आहे, मात्र शनिवारी सकाळी टिपण प्रथम शलाकेकडे जाते. जैसे घडले तैसे लिहिले, वाचणाराने उजेडात वाचावे.