महादूतात्यांचं विमान

१० डिसेंबर १९३७. काम: विमानाच्या डाव्या पंखाला ठिगळ लावणे.

निमगाव केतकीत शिवणयंत्र माझ्याकडंच, त्यामुळं चोळीपासून बैलाच्या झुलीपर्यंत सगळं माझ्या ओसरीवर येतं. पण विमान शिवायला देणारा माणूस एकच, शेजारचे महादूतात्या. पुण्याच्या कुणा घड्याळजीनं आपल्या अंगणात बांधलेलं, दोनदा पडलेलं हे विमान तात्यांनी विकत घेतलं आणि दोन बैलगाड्यांत घालून आणवलं.

"पडलेलं कशाला घेतलंत?" मी विचारलं.

"दोनदा पडलं म्हंजे दोनदा उडलं की, अक्का!"

तात्या बैलांचे पारखी. दुसरी कसली पारख त्यांना येत नाही. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तेव्हाही नवऱ्या मुलाला आधी चालायला लावलं होतं. विमानाचीही तीच तऱ्हा. पुढच्या पंख्याखाली वाकून तोंड बघितलं, पाठीवर थाप मारली, शेपूट पिळलं आणि चौघांकडून ढकलून अंगणभर फिरवलं.

"जनावर खानदानी हाय. डाव्या पायानं लंगडतंय तेवढं."

डाव्या चाकातली हवा गेली होती.

मी पंखाच्या कापडावर बोट टेकवलं. आरपार गेलं. शेजारी टेकवलं, तिथंही गेलं.

"तात्या, कापड कुजलंय. ठिगळ लावायचं कशाला? यातून उडालात तर आधी तुम्ही खाली याल, विमान सवडीनं येईल."

"मी एकटा न्हाय. दोगं हाय आमी."

बसायच्या जागेमागं त्यांनी एक फळी ठोकली होती. तिच्यावर हौसावहिनींची गोधडी, चौपदरी घडी घालून.

हौसावहिनी त्यांची बायको. सहा वर्षांपूर्वी तात्यांनी हौसेनं बैल पळवले, गाडी खड्ड्यात गेली आणि वहिनींची कंबर मोडली. तेव्हापासून चाकांना लोखंडी धाव असलेल्या बैलगाडीचा एक धक्का बसला तरी त्या कळवळतात. तात्यांनी त्या दिवसापासून कासरा हातात धरलेला नाही.

"हिची आई निरवांगीला अंथरुणावर हाय. लेकीला बघायचं म्हणती," तात्या विमानाकडं बघत बोलले. "गाडीत हिला कसं घालू? आभाळात खड्डे न्हाईत, अक्का."

मी सुई बाजूला ठेवली आणि खाली वाकून उजवं चाक दाबून पाहिलं. रबराचं, हवेचं. असं चाक गावात एकाही गाडीला नव्हतं.

"तात्या, या जनावराचे पाय तेवढे चांगले आहेत."

तात्यांनी बैलाचं वशिंड दाबावं तसं ते चाक दाबलं. बराच वेळ दाबत राहिले.

"पर हाकणार कोण?"

"तुम्ही."

"न्हाय जमायचं, अक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवाल्याकडून डाव्या चाकाचं पंक्चर काढून घेतलं, सुताराकडून दोन्ही चाकं छकड्याला बसवून घेतली आणि वहिनींना गोधडीवर निजवलं. कासरा तात्यांच्या हातात दिला. निरवांगीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बैलांच्या पुढं चालत गेले.