औषधात न मोडणाऱ्या वस्तू

ज्याच्यावर वापरण्याची शेवटची तारीख छापलेली असते ते औषध. बाकी सारी आपुलकी. येरमाळ्यात ही व्याख्या सर्वमान्य आहे, आणि दैवशालाबाईंची तिच्यावर श्रद्धा होती.

संधिवातानं त्यांची बोटं वळून गेली होती. या दुखण्यात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते. तिला खाली बसवणारं इंजेक्शन सोलापूरच्या डॉक्टरांनी सुरू केलं. पंधरा दिवसांनी एकदा, पोटाच्या कातडीत. चौथ्या महिन्यात मूठ उघडली. दैवशालाबाईंनी दोन वर्षांनी भाकरी थापली, ती बघायला अर्धी गल्ली आली.

आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जाऊ नये. त्यामुळे प्रतिकारशक्ती वाढवण्याची सोय परस्पर झाली. नणंद कडूबाईंनी गुळवेलीचा काढा दिला (दोन वाट्या, अनशापोटी). वाशीच्या व्याह्यांनी ताकदीच्या गोळ्या आणल्या (डबीवर सिंह होता). बसप्पामामांनी उमरग्याकडची पांढरी पुडी आणली. तिनं दुखणं अर्ध्या तासात थांबे, त्यामुळे तिच्यात काय आहे हे विचारणं कृतघ्नपणाचं ठरलं असतं. उरलेल्या गल्लीनं आणखी चार वस्तू पोचवल्या. एकूण हिशेब: खाली बसवणारं एक, इतर सात. बहुमत स्पष्ट होतं.

"आत्याबाई, हे डॉक्टरांना सांगायला पायजे," सून शिवांजली म्हणाली.

"येडी हैस का? ते इंजेक्शनच बंद करतेल. मग मूठ मिटली तर भाकरी तू थापणार व्हय? तुझी भाकर हाय का नकाशा?"

डॉक्टर दर वेळी विचारत, "दुसरं औषध काही?" दैवशालाबाई सांगत, "न्हाय." वरील व्याख्येनुसार उत्तर निर्दोष होतं.

मग खोकला आला आणि राहिला. ताप नव्हता. वजन सात किलो उतरलं. गल्लीनं अंगकाठी सुधारल्याचं प्रमाणित केलं. पुढच्या खेपेला शिवांजलीनं सगळी पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर उपडी केली.

डॉक्टरांनी पुडी उलगडली. "मावशी, यात बहुतेक स्टेरॉइड कुटून घातलंय. इंजेक्शन आणि हे, दोघांनी मिळून घराची राखणच काढून घेतली. तापही यानंच झाकला असेल."

तपासणीत क्षयरोग निघाला. इंजेक्शन थांबलं. पुडी मात्र एकदम सोडणं धोक्याचं, म्हणून तिच्या जागी मोजून कमी करत न्यायच्या गोळ्या मिळाल्या. अशा रीतीनं पुडीला अखेर औषधाचा दर्जा प्राप्त झाला.

महिनाभरात बोटं पुन्हा वळू लागली. गल्ली भेटीला आली. चर्चेअंती दोष इंजेक्शनचा ठरला, कारण काढ्यानं कुणाचं वाईट होत नसतं.

"म्याच सांगितलं न्हाय ओ," दैवशालाबाई हळूच म्हणाल्या.

"तुमी काय बी मनाला लावून घेऊ नका वहिनी," कडूबाई म्हणाल्या, आणि काढ्याची नवी बाटली उघडली.

दैवशालाबाईंचं आडनाव आणि गल्ली इथं मुद्दाम दिलेली नाही. त्यांच्या बोटांबद्दल वाचताना तुम्हाला जो खात्रीचा, अजिबात अपाय नसलेला उपाय आठवला, तो कृपया स्वतःपाशीच ठेवावा.